मुलांशी वार्धक्य आणि मृत्यू यांविषयी बोलताना

घरात मृत्यू घडून तीन-चार दिवस लोटतात. भेटीस येणाऱ्यांची वर्दळ ओसरते. अशा वेळी घरातील सर्वांत लहान मूल एक प्रश्न विचारते : "आजी परत केव्हा येणार?" मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. अखेरीस कोणीतरी डोळे पुसत सांगते, "आजी देवाघरी गेली, बाळा." चार वर्षांचे ते मूल उठते, घरातल्या देवघरापाशी जाते आणि देव्हाऱ्यातील मूर्तींच्या मागे डोकावून पाहते. आजी तेथे नसते.

पाहणाऱ्यांना गहिवरून येते. 'किती निरागस!' असे ते म्हणतात. परंतु या मुलाने वेड्यासारखे काहीही केलेले नाही. ज्या शब्दांत त्याला उत्तर मिळाले त्या शब्दांचा त्याला ठाऊक असलेला एकमेव अर्थ त्याने घेतला, आणि त्या अर्थास अनुसरून आजीचा शोध केला. त्याची विचारपद्धती निर्दोष होती. सदोष होते ते त्याला मिळालेले उत्तर.

वार्धक्य आणि मृत्यू यांविषयी मुलांशी कसे बोलावे, हा प्रश्न बहुतेक कुटुंबांत प्रसंग येऊन ठेपेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही. प्रसंग आला म्हणजे घरातील मोठी माणसे स्वतःच शोकाने विकल झालेली असतात, आणि मग जे शब्द जिभेवर येतील ते बोलले जातात. म्हणून या विषयाचा विचार शांतपणे आणि आधीच करून ठेवणे इष्ट होय. मुलांना दुखावते ते सत्य नसून सत्याभोवतीची धूसरता असते. समजेल अशा सोप्या, सरळ शब्दांत सांगितलेले सत्य बहुतेक मुले पेलू शकतात. प्रस्तुत लेखात या विधानाचाच विस्तार करावयाचा आहे.

शुद्धोदनाचा राजवाडा

मुलापासून जरा आणि मरण लपविण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न आपल्या परंपरेतच नोंदलेला आहे. आपला पुत्र संन्यासी होईल या भीतीने शुद्धोदन राजाने सिद्धार्थाच्या दृष्टीस दुःख पडू नये अशी व्यवस्था केली. तथापि राजपुत्र रथातून नगरात गेला तेव्हा त्याला प्रथम वृद्ध, नंतर व्याधिग्रस्त आणि त्यानंतर मृत मनुष्य दिसला. प्रत्येक वेळी त्याने सारथ्याला विचारले, आणि सारथ्याने आडपडदा न ठेवता सांगितले की, ही जरा आहे, हा व्याधी आहे, हा मृत्यू आहे. आणि यातून कोणाचीही सुटका नाही. अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'त ही कथा सविस्तर आली आहे. बापाने उभारलेल्या भिंती टिकल्या नाहीत; मुलाच्या उपयोगी पडले ते सारथ्याचे उत्तर.

आजचे शहरी घर पुष्कळ अंशी शुद्धोदनाच्या राजवाड्यासारखे झाले आहे. हे कोणी हेतुपुरस्सर केलेले नाही. भारतात १९७०-७५ या काळात जन्मणाऱ्या बालकाचे अपेक्षित आयुर्मान सुमारे ४९.७ वर्षे होते. २०१६-२० या काळात ते ७० वर्षांवर आले. १९७१ साली जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये ही संख्या २८ वर आली. ही प्रगती निःसंशय आनंदाची आहे. परंतु तिचा एक परिणाम असा की, पूर्वीच्या मुलांना ज्या वयात घरातील मृत्यू पाहावा लागे त्या वयात आजच्या अनेक मुलांना तो पाहावा लागत नाही. पाहावा लागलाच तर तो रुग्णालयाच्या बंद दारापलीकडे घडतो.

दुसरीकडे वृद्धांची संख्या वाढली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. यांतील अनेक आजी-आजोबा मुलानातवंडांपासून दूर, गावी किंवा अन्य शहरी राहतात. त्यांचे म्हातारपण नातवंडाला दिवसेंदिवस दिसत नाही. ते सुट्टीच्या दोन भेटींमधील फरकाच्या रूपाने एकदम पुढे येते. गेल्या उन्हाळ्यात बाजारात घेऊन जाणारे आजोबा या वर्षी काठी टेकीत दारापर्यंतच का येतात, हे त्याला उमगत नाही.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५) या चित्रपटातील इंदिर ठाकरूण ही वृद्धा आठवावी. मुलीच्या वाटणीच्या गोडीगुलाबीत आणि घरातल्या टाकून बोलण्यातही ती म्हातारी दुर्गेच्या बालपणाचा एक भाग असते. एके दिवशी बांबूच्या बनाजवळ ती बसलेली दिसते. दुर्गा तिला हलवू जाते आणि ते निष्प्राण शरीर कलंडते. मृत्यूचा अर्थ सांगणारे मोठे माणूस तेथे पोचण्यापूर्वीच मृत्यू मुलांपर्यंत पोचलेला असतो. पूर्वी असे घडे, आजही घडते. म्हणूनच काही शब्द मुलाजवळ आधीपासून असलेले बरे.

मूल काय जाणते?

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकात सुरू झाला. मारिया नॉज या संशोधिकेने हंगेरीतील बुडापेस्ट शहरात व त्याच्या परिसरात तीन ते दहा वर्षे वयाच्या ३७८ मुलांशी संभाषणे केली, काहींकडून निबंध लिहवून घेतले, काहींना चित्रे काढावयास सांगितले. तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू हा एक प्रकारचा प्रवास किंवा झोप वाटे. गेलेला मनुष्य दुसरीकडे कोठेतरी जगतच असतो, अशी त्यांची समजूत असे. पाच ते नऊ या वयातील अनेक मुले मृत्यूला एखाद्या व्यक्तीचे रूप देत. चपळ असेल तो तिच्या हातून निसटू शकेल असे त्यांना वाटे. मृत्यू शरीरातील क्रिया थांबण्याने येतो आणि तो सर्वांना अटळ आहे, ही जाणीव नवव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागे.

पुढे झालेल्या संशोधनाने या चित्रात फेरफार केले. मृत्यूला व्यक्तिरूप देण्याची प्रवृत्ती इतर देशांतील मुलांत तितक्या स्पष्टपणे आढळली नाही. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट या अमेरिकन अभ्यासकांनी १९८४ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन मृत्यूच्या कल्पनेचे तीन घटक वेगळे केले. पहिला : मेलेला जीव पुन्हा जिवंत होत नाही. दुसरा : मृत शरीराच्या सर्व क्रिया थांबलेल्या असतात, त्याला भूक, थंडी, वेदना, भय काहीही नसते. तिसरा : प्रत्येक सजीवाला मृत्यू आहे. आधुनिक शहरी समाजांतील बहुसंख्य मुलांना या तिन्ही गोष्टी पाच ते सात या वयांच्या दरम्यान उमगतात, असे त्यांना दिसून आले. मृत्यू कशाने येतो, या कारणाच्या जाणिवेचा चौथा घटकही पुष्कळ अभ्यासक त्यांत धरतात.

पालकांच्या दृष्टीने हे विभाजन अत्यंत उपयोगी आहे. मुलाचा प्रश्न कोणत्या घटकाविषयी आहे हे त्यामुळे ओळखता येते. "आजी केव्हा येणार?" हा पहिल्या घटकाचा प्रश्न आहे. "आजीला चितेवर भाजणार नाही का?" किंवा "मातीखाली ती श्वास कसा घेईल?" हे प्रश्न दुसऱ्या घटकाचे. "आई, तूसुद्धा मरणार?" हा तिसऱ्याचा. आणि "मी तिच्या औषधाची बाटली सांडली म्हणून ती गेली का?" हा चौथ्याचा, हा प्रश्न मूल बहुधा मोठ्याने विचारीत नाही.

वयाचे हे आकडे अर्थातच ढोबळ आहेत. शेतकऱ्याच्या घरातील मूल वासराचा जन्म आणि बैलाचा मृत्यू यांचे साक्षीदार असते. त्याला यांतील पुष्कळ गोष्टी लवकर कळतात. उलट, चित्रपटात व खेळात मारलेले पात्र क्षणात पुन्हा उठून धावताना जे मूल रोज पाहते त्याला पहिला घटक समजण्यास वेळ लागला तर नवल नाही.

स्वतः आजारी असलेल्या मुलांची जाण तर मोठ्यांना थक्क करणारी असते. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेतील एका रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या लहान मुलांमध्ये दीर्घकाळ वावरून १९७८ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी हा रोग मुलांत बहुधा प्राणघातक ठरे. आज उपचारांमुळे स्थिती पुष्कळ पालटली आहे. त्या मुलांना कोणीही सत्य सांगितले नव्हते, तरी आपण मरणार आहोत हे त्यांना कळले होते. आपल्याला कळले आहे हे आईवडिलांना कळू नये, याची काळजीही ती मुलेच घेत होती. दोन्ही बाजूंनी सोंग वठविले जात होते आणि त्यामुळे दोन्ही बाजू एकाकी पडत होत्या. मौनाने मुलाचे अज्ञान टिकत नाही. फक्त त्याची सोबत नाहीशी होते. या संशोधनाचा हा धडा सर्व पालकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

प्रारंभ वार्धक्यापासून

मृत्यूविषयीचे संभाषण मृत्यूच्या दिवशी सुरू होऊ नये. त्याची स्वाभाविक सुरुवात वार्धक्यापासून होते, आणि वार्धक्याविषयी मुले कोणतीही भीड न बाळगता विचारतात. आजीच्या हाताची कातडी चिमटीत धरून "ही सैल का?" असे विचारणाऱ्या नातवंडाला पुष्कळदा दटावले जाते. वस्तुतः त्यात अनादर नसून कुतूहल असते, आणि त्या कुतूहलाला खरे उत्तर देता येते.

केसांना काळा रंग देणाऱ्या पेशी वयाबरोबर कमी होत जातात, म्हणून केस पांढरे होतात. कातडीला ताण देणारे तंतू विरळ होतात, म्हणून ती सैल पडते. डोळ्यांतील भिंगाची लवचिकता चाळिशीनंतर कमी होते, म्हणून जवळचे वाचण्यास चष्मा लागतो. गुडघ्यातील हाडांच्या टोकांवरची मऊ कूर्चा झिजते, म्हणून जिना चढताना आजी कण्हते. कानाच्या आतील सूक्ष्म केसांसारख्या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा येत नाहीत, आणि प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात. मुलाचा आवाज उंच पट्टीतला असतो. आजोबांना बाबांचे बोलणे ऐकू येते आणि आपले येत नाही, याचे कारण आजोबांचे आपल्यावर प्रेम नाही हे नसून त्यांच्या कानांची ही स्थिती आहे, असे कळल्यावर मुलाच्या मनावरचे केवढे ओझे उतरते! "आजोबांच्या समोर उभे राहून, तोंड दिसेल असे, सावकाश बोल," एवढे सांगितले की मूल तक्रार सोडून मदत करू लागते.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत तर हे स्पष्टीकरण अपरिहार्य ठरते. आजी स्वतःच्या लहानपणातील विहीर, चिंच, शाळेतील मैत्रिणी यांचे वर्णन करते. परंतु घटकेपूर्वी जेवल्याचे तिला आठवत नाही, आणि एक दिवस ती नातीला भलत्याच नावाने हाक मारते. नातीला वाटते, आजी मला विसरली, म्हणजे मी तिला आवडेनाशी झाले. अशा वेळी सांगावे : "आजीच्या मेंदूला आजार झाला आहे. या आजारात नव्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या पुष्कळ दिवस राहतात. तू तिच्या नव्या आठवणींतली आहेस. तू काही चुकली नाहीस, आणि तुझ्यामुळे हे झाले नाही. हा आजार तुला लागणार नाही. तिचा हात धरून बस. तुझे नाव आठवले नाही तरी हात धरलेला तिला आवडतो."

वार्धक्याविषयी बोलताना केवळ झिजेचेच वर्णन करू नये. आजोबांना पूर्वी न येणारी आणि आता येणारी गोष्ट कोणती, असे मुलाला त्यांनाच विचारू द्यावे. पुष्कळ वृद्धांना हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नसतो.

शब्दांची निवड

मृत्यूसाठी आपल्या सर्व भाषांत सौम्य शब्दांचा मोठा साठा आहे. मोठ्यांमध्ये ते शोभून दिसतात, कारण मोठ्यांना मूळ अर्थ ठाऊक असतो. लहान मुलाला फक्त वरचा अर्थ दिसतो.

'आजोबा झोपले आहेत,' असे सांगितले तर मूल रात्री झोपण्यास घाबरू लागते, किंवा आई दुपारी आडवी झाली की तिला हलवून जागे करते. 'गावाला गेले,' असे सांगितले तर निरोप न घेता गेल्याचा राग धरते आणि बाबा खरोखरच परगावी निघाले की आकांत करते. 'देवाला चांगली माणसे आवडतात, म्हणून त्याने नेले,' असे सांगितले तर चांगले वागणे धोक्याचे ठरते. 'आजारी पडली म्हणून गेली,' एवढेच सांगितले तर पुढच्या वेळी स्वतःला ताप आला की त्याची पाचावर धारण बसते. 'तो बघ, आजोबांचा तारा,' असे सांगितले तर पावसाळ्यात आभाळ भरून आल्यावर काय उत्तर द्यावयाचे?

याउलट सरळ उत्तर असे देता येईल : "आजी मरण पावली. मरणे म्हणजे शरीराचे काम कायमचे थांबणे. तिचे हृदय चालत नाही, ती श्वास घेत नाही. तिला भूक लागत नाही, काही दुखत नाही. ती परत येणार नाही. आपल्याला तिची फार आठवण येईल." वाक्ये लहान असावीत. सांगून झाल्यावर थांबावे. मूल कदाचित विचारील, "मग तिचा चष्मा कोण घालणार?" आणि खेळावयास निघून जाईल. याचा अर्थ त्याला दुःख नाही असा नव्हे. मुले शोक तुकड्यातुकड्यांनी करतात. झेपेल तेवढा घेतात आणि उरलेला उद्यासाठी ठेवतात.

आजाराविषयी सांगताना भेद स्पष्ट करावा : "आपल्याला सर्दी होते, ताप येतो, आणि आपण बरे होतो. आजीचे हृदय फार थकले होते. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण ते दुरुस्त होऊ शकले नाही." अपराधाची शंका मुलाने बोलून दाखविली नाही तरी तिचे उत्तर आपण होऊन द्यावे. लहान मुलाला वाटत असते की, आपल्या मनातील विचारांनी बाहेरच्या घटना घडतात. रागाच्या भरात 'आजोबा नकोतच मला' असे म्हटलेले ते वाक्य त्याच्या मनात सलत राहते. "तू काही बोललास, किंवा तुझ्या मनात काही आले, म्हणून हे घडले नाही," हे वाक्य प्रत्येक शोकग्रस्त मुलाला ऐकावयास मिळाले पाहिजे.

"आई, तूसुद्धा मरणार?" या प्रश्नाला 'छे, भलतेच काय विचारतोस,' हे उत्तर नव्हे. "हो, सगळेच कधीतरी मरतात. बहुतेक माणसे पुष्कळ म्हातारी होईपर्यंत जगतात. मीही खूप वर्षे तुझ्याबरोबर असेन असे मला वाटते. आणि काहीही झाले तरी तुला सांभाळणारी माणसे नेहमी असतील : बाबा आहेत, मावशी आहे, काका आहेत." मुलाच्या या प्रश्नामागे तत्त्वज्ञान थोडे आणि 'माझे कसे होणार?' ही भीती अधिक असते. तिला उत्तर मिळाले की ते स्वस्थ होते.

सरळ बोलण्याचे एक सुपरिचित उदाहरण अमेरिकेतील 'सेसमी स्ट्रीट' या बालकार्यक्रमाचे आहे. त्यात दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे नट विल ली डिसेंबर १९८२ मध्ये मरण पावले. पात्र निवृत्त होऊन दूर गेले, किंवा त्या भूमिकेत दुसरा नट आणला, असे करणे निर्मात्यांना सोपे होते. त्यांनी तज्ज्ञांशी विचारविनिमय करून दुसरा मार्ग पत्करला. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी प्रसारित झालेल्या भागात 'बिग बर्ड' हा बालबुद्धीचा मोठा पिवळा पक्षी हूपर यांच्यासाठी काढलेले चित्र घेऊन येतो. मोठी माणसे त्याला आठवण देतात की, हूपर मरण पावले आहेत आणि ते परत येणार नाहीत. त्याला ते पटत नाही, राग येतो. मोठ्यांचेही डोळे भरून येतात. ते अश्रू मुलांपासून लपविलेले नाहीत. घरातही ते लपविण्याचे कारण नाही. आईला रडताना पाहिलेल्या मुलाला आपणही रडू शकतो हे कळते. मात्र "मी आजीच्या आठवणीने रडते आहे, तुझ्यावर रागावलेली नाही," असे तिने सांगावे.

श्रद्धा आणि रूपके

येथे एक आक्षेप संभवतो. आत्मा, स्वर्ग, पुनर्जन्म, कयामत यांविषयीच्या श्रद्धा आपल्या देशातील बहुसंख्य कुटुंबांत दृढ आहेत. मुलाला केवळ शरीराचा व्यापार सांगून त्या श्रद्धा बाजूस ठेवावयाच्या काय? तसे मुळीच नाही. क्रम तेवढा सांभाळावा. शरीराचे काम थांबले आहे, ही गोष्ट सर्व धर्मांच्या माणसांना सारखीच मान्य आहे. ती प्रथम सांगावी. त्यानंतर, "आपल्या घरात असे मानतात की..." अशी सुरुवात करून आपली श्रद्धा सांगावी. ज्यांची अशी श्रद्धा नाही त्यांनी तसे सांगावे. कठोपनिषदातील नचिकेता हा तर बालकच होता, आणि मेल्यावर काय होते हा प्रश्न त्याने प्रत्यक्ष यमाला विचारला. यमाने प्रथम धनधान्य, हत्तीघोडे देऊ करून प्रश्न टाळण्याचा प्रयत्न केला. मुलाने ते नाकारले आणि उत्तर मिळविले. खाऊ देऊन मुलाचा प्रश्न टाळण्याची आपली युक्ती किती जुनी आहे आणि किती निरुपयोगी, हे यावरून दिसते!

रूपकांनाही त्यांचे स्थान आहे. रवींद्रनाथ टागोर यांच्या 'डाकघर' या १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या नाटकात, वैद्याने खोलीत कोंडून ठेवलेला आजारी अमल खिडकीतून जगाशी बोलतो, राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि शेवटी शांतपणे निद्राधीन होतो. १८ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील वॉर्सा शहराच्या ज्यू वस्तीत, नाझींच्या वेढ्यात, यानुश कोर्चाक या डॉक्टर-शिक्षकाने आपल्या अनाथगृहातील मुलांकरवी हे नाटक करविले. मुलांनी मृत्यूला शांतपणे सामोरे जावे असा त्यामागे त्याचा हेतू होता, असे सांगितले जाते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या मुलांना त्रेब्लिंका येथील संहारछावणीत नेण्यात आले. कोर्चाकला स्वतःचा जीव वाचविण्याची संधी देऊ करण्यात आली होती; ती नाकारून तो मुलांबरोबर गेला. ती मुले आजूबाजूला रोज मृत्यू पाहत होती. त्यांना निद्रेचे रूपक फसवू शकत नव्हते. मृत्यूची मुळाक्षरे ज्याने गिरविली आहेत त्याला काव्य वाचता येते; आधी काव्य आणि मुळाक्षरे कधीच नाहीत, हा क्रम मात्र मुलाची दिशाभूल करतो.

अंत्यविधी आणि त्यानंतर

मुलाला अंत्यदर्शनास न्यावे काय? या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. अनेक हिंदू कुटुंबांत लहान मुलांना स्मशानात नेत नाहीत. इतरत्र प्रथा वेगळ्या आहेत. कोणतीही प्रथा असली तरी तीन गोष्टी पाळता येतात. जे दिसणार आहे ते आधी सांगावे : "आजी अंगणात निजविलेली असेल, अंगावर फुले असतील, ती डोळे उघडणार नाही, हात लावलास तर गार लागेल, पुष्कळ लोक रडत असतील." जावयाचे की नाही याबाबत मुलाचे मन विचारावे, बळजबरी करू नये, आणि जाण्याची इच्छा असता शेजाऱ्यांकडे धाडून देऊ नये. तिसरे, त्याच्याजवळ एक माणूस असे असावे की ज्याच्यावर विधीचे दुसरे कोणतेही काम नाही आणि जे मुलाला केव्हाही बाहेर नेऊ शकेल.

रवींद्रनाथांची आई १८७५ साली वारली तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. 'जीवनस्मृती'त त्यांनी नमूद केले आहे की, अंगणात शांतपणे निजलेली आई पाहून त्यांना मृत्यू भयंकर वाटला नाही. तिचा देह घराच्या दाराबाहेर नेला आणि ते मागोमाग स्मशानाकडे निघाले तेव्हा, आता ती या घरात पुन्हा येणार नाही, हे मनाला जाणवले आणि शोकाने घेरले. ज्याने निरोप घेतलेला असतो त्याला परतल्यावरची पोकळी ओळखता येते. २०२०-२१ च्या महासाथीत असंख्य मुलांना हा निरोप मिळाला नाही. रुग्णवाहिकेतून गेलेले माणूस पुन्हा दिसलेच नाही. अशा मुलांसाठी विधी उशिरा करता येतो. छायाचित्रासमोर दिवा लावणे, आजोबांच्या नावे झाड लावणे, २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबे करतात त्याप्रमाणे कबरीवर मेणबत्ती लावणे, पितृपक्षात आजीच्या आवडीचा पदार्थ करताना तिची गोष्ट सांगणे, यांपैकी जे आपल्या घरात साजेल ते करावे.

एकदा सांगितले की काम संपले, असे समजू नये. तेच मूल तोच प्रश्न दहा वेळा विचारील. प्रत्येक वेळी तेच, तशाच शांतपणे उत्तर द्यावे. उत्तर बदलले नाही, यावरूनच ते खरे असल्याची मुलाची खात्री पटते. ते खेळात बाहुलीची अंत्ययात्रा काढील. ती मोडू नये. काही आठवडे अंथरूण ओले होणे, आईला चिकटून राहणे, अभ्यासात मन न लागणे हे स्वाभाविक आहे. शिक्षकांना घटनेची कल्पना देऊन ठेवावी. परंतु कित्येक महिने मूल खातपीत वा झोपत नसेल, खेळ सोडून देऊन गप्प झाले असेल, किंवा 'मलाही आजीकडे जायचे आहे' असे पुनःपुन्हा म्हणत असेल, तर बालरोगतज्ज्ञाचा किंवा मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला विनाविलंब घ्यावा. शासनाच्या 'टेलि-मानस' या १४४१६ क्रमांकाच्या दूरध्वनीसेवेवर २०२२ पासून असा सल्ला विनामूल्य मिळतो.

आता देवघरापाशी उभ्या असलेल्या त्या मुलाकडे पुन्हा वळू. अजून वेळ गेलेली नाही. कोणीतरी त्याच्याजवळ खाली बसावे, त्याला जवळ घ्यावे आणि म्हणावे, "आजी तेथे नाही, बाळा. मी मघा तुला नीट सांगितले नाही. आता सांगतो." चुकीचे उत्तर दुरुस्त करता येते, आणि मोठ्या माणसाने आपले उत्तर दुरुस्त केलेले पाहून मुलाचा त्याच्यावरील विश्वास वाढतो. पुढे केव्हातरी, आपण स्वतः वृद्ध होऊन अंथरुणास खिळलेले असताना, हेच मूल मोठे होऊन आपल्या उशाशी बसेल. त्या वेळी आपल्याशी खरे बोलण्याचे धैर्य त्याला असावे अशी आपली इच्छा असेल, तर ते त्याला आजच दिले पाहिजे.